स्फोटातून वाचलेल्या जोड्या : क्ष-किरण द्वैती तारे येतात कुठून?

एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे घ्या. एक सूर्याच्या २० पट वस्तुमानाचा, दुसरा १२ पट. मोठा तारा इंधन लवकर संपवतो, त्याचा स्फोट होतो आणि मागे उरतो सूर्याच्या साधारण दीडपट वस्तुमानाचा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा दाबून घट्ट झालेला गाभा. म्हणजे एकूण ३२ भागांपैकी साडेअठरा भाग एका झटक्यात बाहेर फेकले गेले. गुरुत्वाकर्षणाचा हिशोब सांगतो की वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या जोडीने निम्म्याहून अधिक वस्तुमान असं अचानक गमावलं, तर जोडी फुटते. दोघांना धरून ठेवायला पुरेशी ओढच उरत नाही आणि दोघे आपापल्या वाटेने निघून जातात.

या हिशोबाने न्यूट्रॉन तारा आणि साधा तारा अशी जवळची जोडी आकाशात जवळपास दिसायलाच नको. प्रत्यक्षात न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर आणि सोबत एक साधा तारा अशा ३०० हून अधिक जोड्या एकट्या आपल्या आकाशगंगेत सापडल्या आहेत. इतर दीर्घिकांमध्ये तर त्या ठिपक्यांसारख्या विखुरलेल्या दिसतात. त्यांना क्ष-किरण द्वैती तारे म्हणतात. या जोड्या वाचल्या कशा, हा त्यांच्याबद्दलचा सगळ्यात मजेदार प्रश्न आहे असं मला वाटतं.

आधी त्या दिसतात कशा ते पाहू. जोडीतला एक तारा मेलेला (म्हणजे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर) असतो आणि दुसऱ्याच्या पोटात अजून इंधन जळत असतं. (याला अपवाद आहेत, एक पुढे येईलच.) दुसऱ्याचा वायू मेलेल्या ताऱ्याकडे ओढला जातो. त्या वायूला कक्षेतली गती असल्यामुळे तो सरळ खाली पडत नाही. त्याची आधी तबकडी बनते आणि तबकडीत घासत घासत तो आत सरकतो. न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या जेमतेम १०-१२ किलोमीटर. एवढ्याशा गोळ्यापर्यंत पोचेस्तोवर वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकू लागतो. पडणाऱ्या प्रत्येक किलोमागे जी ऊर्जा सुटते ती तेवढ्याच हायड्रोजनच्या संमीलनातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या दहापटीहून जास्त असते. अणुसंमीलन म्हणजे ऊर्जेची परमावधी असं आपण धरून चालतो, पण नुसतं पडणं त्याहून फायद्याचं ठरतं. फक्त खड्डा पुरेसा खोल हवा. न्यूट्रॉन ताऱ्याची अशी जोडी जोरात असली की सूर्याच्या पन्नास हजार पटींपर्यंत ऊर्जा बाहेर टाकते.

हे सगळं बराच काळ आपल्याला ठाऊक नव्हतं, कारण पृथ्वीचं वातावरण आकाशातून येणारे क्ष-किरण अडवून टाकतं. १८ जून १९६२ च्या रात्री न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथून रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटं रॉकेट सोडलं. सूर्याच्या किरणांमुळे चंद्राच्या पृष्ठभागातून क्ष-किरण निघतात का, हे पाहायचं होतं. रॉकेट वातावरणाच्या वर जेमतेम सहा मिनिटं होतं. चंद्राचं काही कळलं नाही, पण वृश्चिक राशीच्या दिशेने प्रचंड प्रखर असा एक स्रोत सापडला. त्याला स्कॉर्पियस एक्स-१ हे नाव मिळालं, आणि जियाकोनींना २००२ साली नोबेल. असे स्रोत म्हणजे जोड्या आहेत याचा पुरावा मात्र लगेच मिळाला नाही. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळच्या तळावरून उहुरू हा उपग्रह गेला. त्याने सेंटॉरस एक्स-३ या स्रोतातून दर ४.८ सेकंदांनी येणारे ठोके टिपले, आणि दर २.१ दिवसांनी तो स्रोत काही तास पूर्ण झाकला जातो हेही दाखवलं. ठोके देणारी एखादी लहानशी वस्तू एका मोठ्या ताऱ्याच्या मागे जाते आणि पुन्हा बाहेर येते, याखेरीज त्याचा दुसरा अर्थ लावणं कठीण होतं.

आता मूळ कोड्याकडे येऊ.

सेंटॉरस एक्स-३ सारख्या जोड्यांचं उत्तर १९७२ साली एडवर्ड व्हॅन डेन ह्यूवेल आणि जॉन हाइस यांनी मांडलं. वर केलेल्या हिशोबात एक गृहीत लपलेलं होतं : स्फोट होईपर्यंत दोन्ही तारे आपापलं वस्तुमान सांभाळून बसलेले असतात. जवळच्या जोडीत तसं होत नाही. मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला की तो फुगू लागतो. जोडीतल्या प्रत्येक ताऱ्याभोवती त्याच्या गुरुत्वाकर्षणाची एक हद्द असते, तिला रोश लोब म्हणतात. फुगलेला तारा ही हद्द भरून ओसंडतो आणि त्याचं बाहेरचं हायड्रोजनचं आवरण शेजाऱ्याकडे वाहू लागतं. ताऱ्यांच्या मानाने हे चटकन उरकतं. शेवटी ज्याचा स्फोट व्हायचा तो तारा फक्त हेलियमचा गाभा उरलेला, सूर्याच्या साधारण सहापट वस्तुमानाचा असतो, आणि त्याचा शेजारी १२ वरून २६ पर्यंत गेलेला असतो (वाटेत काहीच वाया गेलं नाही असं धरलं तर, खरं तर बरंच वाया जातं). आता स्फोट झाला तर ३२ पैकी फक्त साडेचार भाग जातात. जोडी हलते, कक्षा लांबट होते, पण टिकते.

म्हणजे फुटणारा तारा स्फोटाच्या वेळी जोडीतला हलका तारा असतो. इथेच सगळं आलं. आणि असं घडण्यासाठी दोघे जन्मापासून एकमेकांच्या पुरेसे जवळ हवेत, ही अट काही दुर्मीळ नाही. खूप वजनदार ताऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के ताऱ्यांची आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी देवाणघेवाण होते, असं २०१२ साली ह्यूज साना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. एकटेपणा हाच तिथे अपवाद आहे.

मात्र वस्तुमानाच्या हिशोबात एक गोष्ट धरलेली नाही. स्फोट सगळीकडे सारखा होत नाही, त्यामुळे नवजात न्यूट्रॉन ताऱ्याला एका बाजूने धक्का बसतो. हा धक्का सेकंदाला शेकडो किलोमीटरचा वेग देऊ शकतो. हिशोबात वाचलेल्या कितीतरी जोड्या या धक्क्याने फुटतात. वाचलेल्या जोडीत मग दुसऱ्या ताऱ्याचं वजन आणि स्वभाव पुढची गोष्ट ठरवतो.

जोडीदार वजनदार असेल, साधारण सूर्याच्या आठ-दहा पटींहून जास्त, तर त्या प्रकाराला उच्च वस्तुमानाचे क्ष-किरण द्वैती म्हणतात. अशा निळ्या ताऱ्यांमधून सतत जोरदार वारा वाहत असतो, आणि न्यूट्रॉन तारा त्या वाऱ्यातला थोडासा भाग टिपून चमकतो. हंस तारकासमूहातली सिग्नस एक्स-१ ही जोडी याच वर्गातली. तिथे मेलेला तारा म्हणजे सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे, जोडीदाराभोवती ५.६ दिवसांत एक फेरी मारणारं. या वर्गातला दुसरा आणि संख्येने मोठा गट आहे बीई ताऱ्यांचा. हे तारे स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतात की त्यांच्या विषुववृत्तावरून वायू सुटून भोवती तबकडी बनते. इतका वेग त्यांना बहुधा त्या जुन्या देवाणघेवाणीतूनच मिळालेला असतो, कारण येणाऱ्या वायूने फिरण्याची गतीही सोबत आणलेली असते. न्यूट्रॉन तारा लांबट कक्षेतून येतो, या तबकडीजवळून जाताना भडकतो आणि मग काही आठवडे किंवा महिने शांत.

या सगळ्याचं आयुष्य थोडं असतं. वजनदार जोडीदारही काही कोटी वर्षांत मरणारच. त्यामुळे जिथे अलीकडे तारे जन्मले आहेत तिथेच हे द्वैती सापडतात. लहान मॅजेलॅनिक मेघ ही आपल्या शेजारची छोटी दीर्घिका याचा उत्तम दाखला आहे. आकाशगंगेपुढे तिचं वस्तुमान अगदी किरकोळ, पण तिथे उच्च वस्तुमानाचे शंभराहून अधिक क्ष-किरण द्वैती आहेत, म्हणजे आकाशगंगेत सापडलेल्यांच्या बरोबरीने. यांचा बहुतांश भरणा बीई ताऱ्यांच्या जोड्यांचा. त्यांच्या आसपासच्या ताऱ्यांची वयं काढली तेव्हा दिसलं की साधारण अडीच ते सहा कोटी वर्षांपूर्वी तिथे तारे मोठ्या संख्येने जन्मले होते. बीई तारे भरात यायला नेमका एवढाच काळ लागतो.

हलक्या जोडीदाराची कथा जास्त अवघड आहे, आणि खरं सांगायचं तर ती अजून पूर्ण सुटलेलीही नाही.

ए०६२०-०० ही जोडी बघा. ऑगस्ट १९७५ मध्ये ती अचानक भडकली आणि काही काळ क्ष-किरणांच्या आकाशातला सर्वांत प्रखर तारा ठरली. तिच्यात सूर्याच्या साडेसहापट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे आणि त्याच्याभोवती सूर्याच्या निम्म्याहून हलका एक नारिंगी तारा पावणेआठ तासांत फेरी मारतो. दोघांमधलं अंतर सूर्याच्या त्रिज्येच्या जेमतेम चौपट. आता मागे जाऊन विचार करा. कृष्णविवर व्हायच्या आधी तो तारा फुगलेला असताना त्याची त्रिज्या सूर्याच्या शेकडो पट असणार. म्हणजे आज हा छोटा तारा जिथे फिरतो ती जागा पूर्वी त्या राक्षसी ताऱ्याच्या पोटात होती! तो तिथे जन्मला असणं शक्यच नाही.

यावर १९७६ साली बोहदान पाचिन्स्की यांनी एक वाट सुचवली. तिला सामायिक आवरण म्हणतात. फुगणारा तारा लांबच्या छोट्या जोडीदाराला गिळतो. छोटा तारा त्या विरळ वायूत फिरत राहतो, घर्षणाने त्याची कक्षा आक्रसत जाते, आणि कक्षेतली जी ऊर्जा कमी होते ती आवरणाला मिळते. ऊर्जा पुरेशी झाली की आवरण उडून जातं आणि उरतात मोठ्याचा उघडा गाभा आणि त्याला अगदी खेटून फिरणारा छोटा तारा. पुरली नाही तर छोटा तारा गाभ्यात विरघळतो आणि गोष्ट संपते. हा सगळा प्रकार फार तर काही हजार वर्षांत उरकत असावा, म्हणून तो ऐन भरात पकडणं अवघड जातं. अडचण ऊर्जेची आहे. सूर्याहून हलका तारा एवढं अवजड आवरण उधळून देईल इतकी ऊर्जा आणणार कुठून? गणितं मांडली की बहुतेक जोड्या इथे गिळल्या जातात. ज्या वाचतात त्यांना पुढे स्फोट आणि धक्का झेलायचा असतो. म्हणून हलक्या जोडीदाराचे द्वैती अतिशय दुर्मीळ असायला हवेत, आणि जन्माच्या मानाने ते आहेतही. पण एकदा जमले की त्यांचं आयुष्य दीर्घ असतं. जोडीदार हळूहळू झिजतो, चुंबकीय वाऱ्यामुळे आणि गुरुत्वीय लहरींमुळे कक्षा हळूहळू लहान होते, आणि वायूचा प्रवाह कोट्यवधी, कधी अब्ज वर्षं चालू राहतो. अशी खेटून फिरणारी जोडी बनल्यापासून ती क्ष-किरणांत चमकू लागेपर्यंतच अब्जभर वर्षं जाऊ शकतात.

२०२४ साली या कथेत एक सुंदर पुरावा भरला गेला. हंस तारकासमूहातलीच व्ही४०४ सिग्नी ही जोडी कृष्णविवर आणि हलक्या ताऱ्याची, जवळपास आठ हजार प्रकाशवर्षांवरची. तिच्यापासून दूर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे साडेतीन हजार पट अंतरावर, एक तिसरा तारा तिच्याभोवती फिरतो आहे असं लक्षात आलं. त्याची एक फेरी सुमारे ७० हजार वर्षांची. इतक्या सैल बांधलेल्या ताऱ्याला सोडवायला सेकंदाला काही किलोमीटरचा धक्काही पुरतो. तो अजून तिथेच आहे, त्याअर्थी कृष्णविवर जन्मताना धक्का जवळपास बसलाच नाही, बहुधा मोठा स्फोटही झाला नाही. तारा सरळ आत कोसळला. एका जोडीवरून सगळ्यांचा निकाल लावू नये, पण तिसऱ्या ताऱ्याच्या ओढीने आतली कक्षा लहान होऊ शकते, ही शक्यता आता गांभीर्याने घ्यावी लागते.

त्याच्या दोन वर्षं आधी गाया उपग्रहाच्या नोंदींमधून उलट प्रकारची जोडी सापडली होती : गाया बीएच१, सुमारे १५६० प्रकाशवर्षांवर. कृष्णविवर सूर्याच्या साडेनऊ पटींच्या आसपास, सोबत सूर्यासारखा तारा, फेरी १८६ दिवसांची. अंतर जास्त, म्हणून वायू वाहत नाही आणि क्ष-किरणही नाहीत. याचा अर्थ आपण जे क्ष-किरण द्वैती मोजतो ते कृष्णविवरांच्या जोड्यांमधले फक्त पेटलेले दिवे. न पेटलेले किती असतील ते गायाच्या नोंदींमधून आता कुठे कळू लागलं आहे.

इथपर्यंत आपण धरून चाललो की दोन्ही तारे एकत्रच जन्मले. पण जोडी जमण्याचा दुसराही मार्ग आहे, आणि त्याचा सुगावा १९७५ सालीच लागला. आकाशगंगेत सुमारे दीडशे गोलाकार तारकागुच्छ आहेत, लाखो जुन्या ताऱ्यांचे दाट पुंजके. आकाशगंगेतल्या ताऱ्यांचा जेमतेम एक हजारांश भाग त्यांच्यात आहे. पण हलक्या जोडीदाराच्या क्ष-किरण द्वैतींपैकी जवळपास दहावा हिस्सा त्यांच्यातच सापडतो, म्हणजे बाहेरच्या मानाने शंभरपट. गुच्छाच्या मध्यभागी ताऱ्यांची गर्दी सूर्याच्या शेजाराच्या लाखो पट असते. तिथे न्यूट्रॉन ताऱ्याला सोबती जन्मापासून असण्याची गरज नाही. तो एखाद्या अस्तित्वात असलेल्या जोडीजवळून जातो, हलक्या ताऱ्याला बाहेर ढकलतो आणि त्याची जागा घेतो. कधी तो एखाद्या तांबड्या राक्षसी ताऱ्यावर आदळतो, आवरण उधळलं जातं आणि उरलेला गाभा त्याचा जोडीदार बनतो.

हा दुसरा प्रकार कल्पनेतला वाटेल, पण एनजीसी ६६२४ या गुच्छातली ४यू १८२०-३० ही जोडी त्याशिवाय समजत नाही. तिची एक फेरी ६८५ सेकंदांची, म्हणजे साडेअकरा मिनिटांहूनही कमी. दोघांमधलं अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या साधारण एक तृतीयांश. एवढ्या जागेत साधा तारा मावतच नाही. जोडीदार हेलियमचा श्वेतबटू आहे, आणि श्वेतबटू म्हणजे तांबड्या राक्षसाचा उघडा पडलेला गाभाच. सुरुवातीला म्हटलेला अपवाद तो हाच : इथे दोघेही मेलेले आहेत.

आता आकाशगंगेबाहेर जाऊ. जुलै १९९९ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची चंद्रा वेधशाळा अवकाशात गेली. अर्ध्या कोनीय सेकंदाइतकी बारीक नजर असलेली ही पहिलीच क्ष-किरण दुर्बीण. त्याआधी दूरच्या दीर्घिकांमधून येणारे क्ष-किरण म्हणजे एक पसरट डाग दिसायचा. चंद्रा वेधशाळेने एनजीसी ४६९७ या लंबवर्तुळाकार दीर्घिकेकडे पाहिलं आणि २००० साली कळलं की त्या डागाचा बराचसा भाग वेगवेगळ्या ठिपक्यांचा आहे. जवळपास प्रत्येक ठिपका एक क्ष-किरण द्वैती.

ठिपके मोजता येऊ लागल्यावर वरच्या दोन कथा पडताळून पाहता आल्या. २००३ आणि २००४ साली मरात गिल्फानोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वजनदार जोडीदाराच्या द्वैतींची संख्या दीर्घिकेत सध्या किती वेगाने तारे जन्मतात त्याच्या प्रमाणात असते, आणि हलक्या जोडीदाराच्या द्वैतींची संख्या दीर्घिकेत एकूण किती तारे साठले आहेत त्याच्या प्रमाणात. एक आकडा आजचा वेग सांगतो, दुसरा आजवरची बेरीज. दीर्घिकेत वर्षाला एका सूर्याइतके नवे तारे जन्मत असतील तर तिचे वजनदार द्वैती मिळून सूर्याच्या सुमारे सात लाख पट क्ष-किरण ऊर्जा टाकतात. त्यामुळे धुळीमागे लपलेला ताऱ्यांचा जन्म मोजायला आज हेच क्ष-किरण वापरतात.

कार्टव्हील दीर्घिकेचं तर नुसतं चित्र पाहूनच हे पटतं. तिच्यातून एक लहान दीर्घिका आरपार गेली, वायूत लाट उठली आणि बाहेर सरकत एक कडं तयार झालं. नवे तारे त्या कड्यावर, आणि अतिप्रखर क्ष-किरण ठिपकेही त्याच कड्यावर. हे अतिप्रखर ठिपके म्हणजे फार मोठी कृष्णविवरं असावीत असा बराच काळ समज होता. २०१४ साली नुस्टार दुर्बिणीला एम८२ दीर्घिकेतल्या अशाच एका ठिपक्यातून दर १.३७ सेकंदांनी ठोके येताना दिसले. ठोके देणारा न्यूट्रॉन ताराच असू शकतो. म्हणजे फक्त दीड सूर्याइतकं वस्तुमान, आणि तेज न्यूट्रॉन ताऱ्याच्या वर सांगितलेल्या पन्नास हजार सूर्यांच्या मर्यादेच्या शंभर पटींच्या घरात. त्यानंतर अशी आणखी उदाहरणं सापडत गेली.

धातूंचा प्रश्न मात्र दोन्हीकडे आडवा येतो. खगोलशास्त्रात हेलियमहून जड सगळंच धातू, ही त्या मंडळींची जुनी खोड. धातू कमी असले की वजनदार ताऱ्यांचे वारे मंदावतात, तारे मरताना वजनदार राहतात आणि कृष्णविवरं मोठी होतात. म्हणून धातू कमी असलेल्या दीर्घिकांमध्ये वजनदार द्वैती संख्येने जास्त आणि जास्त प्रखर. विश्वाच्या आरंभी सगळ्याच दीर्घिका अशा होत्या, आणि दीर्घिकांच्या मधल्या अवकाशातला थंड हायड्रोजन पहिल्यांदा तापवला तो बहुधा या द्वैतींच्या क्ष-किरणांनी. पण गोलाकार गुच्छांमध्ये उलटं : धातूंनी श्रीमंत गुच्छांमध्ये क्ष-किरण द्वैती सुमारे तिप्पट. यासाठी कुणी हलक्या ताऱ्यांच्या चुंबकीय वाऱ्याकडे बोट दाखवतं, कुणी अशा गुच्छांत तांबडे राक्षसी तारे जास्त असतात याकडे.

लंबवर्तुळाकार दीर्घिकांमधला वाद याला जोडूनच आहे. तिथे पाचव्या हिश्शापासून ते दोन तृतीयांशापर्यंत क्ष-किरण द्वैती गुच्छांमध्ये बसलेले दिसतात. मग उरलेले, गुच्छांबाहेरचे, हेही कधीतरी गुच्छांतच जमले आणि नंतर बाहेर फेकले गेले का? तसं असेल तर सामायिक आवरणाची ती अवघड वाट जुन्या दीर्घिकांमध्ये जवळपास लागतच नाही. याविरुद्ध सर्वांत जड पुरावा मंद ठिपक्यांचा आहे. गुच्छांमध्ये मंद द्वैती तुलनेने कमी आहेत, बाहेर जास्त. दोन्ही गट एकाच ठिकाणून आले असते तर मंद आणि प्रखर यांचं प्रमाण सारखं दिसलं असतं. शिवाय वयाने लहान असलेल्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये गुच्छांबाहेरचे द्वैती अधिक मिळतात; ताऱ्यांच्या वयाशी असं नातं असणं, हे तिथेच जन्मून तिथेच पिकलेल्या जोड्यांना शोभतं. काही मोजके ठिपके फेकले गेलेले असतीलही, पण माझं मत विचाराल तर बाहेरच्या बहुतेक जोड्या स्वतःच्या हिमतीवर वाचलेल्या आहेत.